मले कापून टाका

मी एक जुना निळा ड्रम आहो, मित्रांनो, अन् मले पाण्याची लई भीती वाटते. काहून, ते ऐका.

कारखान्यातून निघालो तवा पोटात जहाल औषध होतं, मशीनवरचा तेलाचा चिकटा काढायचं. वणीकडच्या एका कोळसा खाणीत आलो. "याचा एक मग टाका, डंपर चकाचक," फिटर म्हणे, अन् मी फुगून जायचो. मंग रिकामा झालो, तं कोणी ढुंकून पाह्यलं नाही.

खाणीच्याच भंगाराच्या यार्डात टाकलं. फाटके टायर एकीकडं, तेलकट चिंध्या दुसरीकडं, आम्ही ड्रम तिसरीकडं. औषधाचा ड्रम उभा कापल्याशिवाय गेटाबाहेर जात नाही, असा तिथला नियम. कटर मशीनचा आवाज आला का मी थरथरून जाओ.

पण यार्डातल्या इंद्रजीतनं मले कापलंच नाही. त्याच्या बहिणीचं, अंजूचं लग्न होतं, अन् त्याच्या बंजारा तांड्यावर पाणी साठवाले काही नव्हतं. ताडपत्रीत गुंडाळून गुपचूप घरी नेलं. वाचलो म्हणून मी खुश.

त्यानं मले राखेनं, साबणानं तीनदा धुतलं. टँकर आला, गळ्यापर्यंत पाणी भरलं. तवा मी घाबरलो. औषध माह्या अंगात मुरलं होतं, ते पाण्यात उतरून राह्यलतं, अन् उद्या दोनशे माणसं ते पेणार होती. मले तोंड आहे, पण आवाज नाही.

त्याची माय रुपीबाई आली, तांब्या बुडवला. वर फेस.

"हे काय रे?"

"साबणाचा असन, याडी."

"तीनदा धुतला, अन् अजून फेस? काय होतं याच्यात?"

"होतं काहीतरी खाणीतलं. तू वकिलावानी कायले विचारून राह्यली?"

तिनं तांब्या त्याच्याच हातात देला. "घे, पे. वऱ्हाडाच्या आधी नवरीच्या भावाचा मान."

इंद्रजीतनं तांब्या ओठापर्यंत नेला. मी जीव मुठीत धरला. त्याचा हात तिथंच थांबला.

"याडी, मले नाही पेवत."

"मंग पाहुण्यायले काहून पाजतं?"

त्यानं तांब्या परत माह्यातच रिकामा केला. ते पाणी नालीतबी ओतू देलं नाही तिनं, ढोरं पेतात म्हणून. झाकण घट्ट लावून, टेम्पोत घालून त्यानं मले भरलेलाच खाणीत परत आणलं, अन् साहेबाले खरं सांगून देलं. लग्नाले साऱ्या तांड्यानं आपापल्या भरलेल्या घागरी देल्या.

आता माह्यावर कटर चालणार हाय, मित्रांनो. भेव वाटते, खोटं कायले सांगू. पण तुमच्या घरी माह्यासारखा कोणी आला, तं त्याले धुवू नका. आधी विचारा, पोटात काय होतं. सांगता नाही आलं, तं कापून टाका.