कपाटात वाढलेलं रोप

आमच्या मोठ्या बाई विज्ञानाच्या पदवीधर आहेत म्हणे. मी विश्वास ठेवते. एखाद्या गोष्टीचा इतका तिटकारा यायला तिची थोडी तरी ओळख लागतेच. शाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक त्यांनी आपल्या खोलीत कुलपात ठेवलाय. का, तर मुलं हात लावतात!

चौथीला एक धडा आहे, झाडाच्या वाढीला प्रकाश लागतो. चार वर्षं मी तो फळ्यावर लिहून मोकळी होत होते. प्रयोगाचं पानही मीच सांगायचे, “लिहा रे, उजेडातलं रोप वाढलं, अंधारातलं वाढलं नाही.” कुणी बी पेरलं नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही. यंदा वर्गात चिमणी आली. दिवसभर चिवचिव करते म्हणून चिमणी. “बाई, पण आपण बघितलंच कुठे?” असं म्हणून म्हणून तिनं माझं डोकं उठवलं, तेव्हा कुठे दोन पेले, ओला कापूस आणि घेवड्याच्या बिया वर्गात आल्या. एक पेला खिडकीत, एक खडूच्या कपाटात. रोज सकाळी पट्टीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं.

अकराव्या दिवशी खिडकीतलं रोप नऊ सेंटीमीटर होतं. कपाटातलं सतरा! पिवळट, लुळं, दाराच्या फटीकडे मान वळवलेलं, पण सतरा. पोरांनी तीनतीनदा मोजलं, पट्टीवरून भांडणं झाली.

“बाई, ते उजेड शोधायला धावतंय का हो?” चिमणीनं विचारलं.

खरं सांगते, अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी पोरांना धडधडीत खोटं लिहायला लावत होते आणि नऊ वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात खरं सांगितलं.

नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई आल्या. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब येणार होते, म्हणून सकाळपासून त्यांची नुसती धावपळ चालली होती. त्यांनी दोन्ही पेले पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“हे काय करून ठेवलंत?”

“बाई, बियांमध्ये साठवलेलं अन्न असतं. त्यावर ते उंच होतं, उजेड मिळेपर्यंत. आठवडाभरात मरेल. मग मुलांना आपोआप कळेल.”

“साहेब आठवडाभर थांबणारेत का?” मग आवाज खाली आणून, “तुम्हाला कायम करायचं पत्र त्यांच्या शेऱ्यावर निघायचंय. यंदा राहिलं की तुमचं कंत्राटही संपलं. पुस्तकात काय लिहिलंय तेच वहीत दिसू दे.”

एवढं बोलून या विज्ञानाच्या पदवीधर बाईंनी टेबलावरची कात्री उचलली आणि रोप बुडाशी कापलं. दोन सेंटीमीटरचा खुंट उरला. “बघा, नाही वाढलं,” म्हणाल्या. चेहऱ्यावर काय ते समाधान! नोबेलच मिळालं जणू.

अशा बाईपुढे मान ताठ ठेवायची, की नाही? मी काय केलं? त्या गेल्यावर खोडरबरांचा डबा माझ्याच हातानं वर्गात फिरवला.

“सतरा खोडा. दोन लिहा.”

“पण बाई, ते तर आत्ता कापलं,” कुणीतरी म्हणालं.

“आधी मोजायला चुकलो होतो आपण.”

चिमणीनं खोडलं नाही. वहीवर दोन्ही हात पालथे ठेवून बसली. मी तिचे हात बाजूला केले आणि तिच्या वहीतलं सतरा स्वतः खोडलं. इतकं घासलं की कागद फाटायला आला.

साहेब आले. खुंटाची कापलेली कड आंधळ्यालाही दिसली असती, पण ते भिंतीवरचे तक्ते बघत होते आणि मोठ्या बाई त्यांच्या प्रत्येक हुंकारावर मान डोलवत होत्या. दोन शहाणे नुसते! साहेबांनी चिमणीलाच उभं केलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न अडखळता म्हणाली, “उजेडातलं रोप वाढलं, अंधारातलं वाढलं नाही.” साहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्या आठवड्यातच माझं कायमचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी ते स्वतः वर्गात आणून दिलं आणि मी त्यांच्यापुढे दात काढून हसले. ते हसू आठवलं की मला माझीच किळस येते.

पुढचा धडा तरंगणं आणि बुडणं. आता कुणाचं भय उरलं नव्हतं, म्हणून मी मोठ्या उत्साहानं घरून टब आणला, पाणी भरलं. दगड, मेणबत्ती, चमचा, लाकडाचा ठोकळा मांडले. म्हटलं, आता पोरं अंगावर येतील, अर्धं पाणी जमिनीवर सांडेल.

कुणी जागचं हललं नाही. सगळी मुलं वह्या उघडून, पेन्सिली हातात धरून शहाण्यासारखी बसली होती.

“अरे, या की! मेणबत्ती टाका, बघा काय होतंय.”

चिमणीनं हात वर केला. आवाजात राग नव्हता, हट्ट नव्हता.

“बाई, काय दिसायला हवं ते आधीच सांगा ना. म्हणजे मग खोडावं लागणार नाही.”