कोपऱ्यावरचं तीन फुटी कुंपण

कोळखारला एसटी येणार असं कळल्यापासून नीराबाईचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. थळच्या अलीकडचं हे एवढंसं कोळ्यांचं गाव. अलिबागच्या बाजाराला जायचं तर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मोठ्या सडकेपर्यंत पायपीट. लग्न होऊन आल्यापासून नीराबाई तेच करत आली होती, पण आता गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. बाजारात तिची बसायची एक जागा होती, सासूनं सोपवलेली, सावलीतली, ऐन तोंडावरची. ती चार दिवस रिकामी दिसली की दुसरी कुणीतरी तिथं फतकल मारून बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडी आली तर जागा राहील, नाही आली तर गेली, इतकं सरळ होतं ते.

गाडीला फिरायला गावात देवळासमोरचं मैदान तेवढं होतं. आणि देवळाकडं वळताना नेमकं कोपऱ्यावर नीराबाईचं घर, त्याभोवती पुरुषभर उंच झापांचं कुंपण. ते काही तिनं हौसेनं घातलं नव्हतं. शेजारी तिची जाऊ मनुबाई राहायची. मनुबाईच्या कोंबड्यांनी एकदा नीराबाईचा वाळत घातलेला जवळा फस्त केला, त्यावरून दोघी अशा काही कडाकडा भांडल्या की नीराबाईनं चारी बाजूंनी माडाच्या झापांचा कोटच उभा केला. तेव्हापासून जावाजावांत शब्द नाही. विहिरीवर समोरासमोर आल्या तरी दोघींना एकदम समुद्राकडं बघायचं काम निघायचं.

एके दिवशी सरपंच दिनानाथनं दवंडी पिटवली. कोपऱ्यावरच्या घरांची रस्त्याकडची कुंपणं तीन फुटांच्या वर नकोत, डायवरला वळणापलीकडचं दिसलं पाहिजे. शुक्रवारी एसटीचे साहेब गाडी घेऊन बघायला येणार, त्यांना पटलं तर गाडी रोजची. गावाला वाटलं, आता नीराबाई आकाशपाताळ एक करणार. कसलं काय, दवंडीवाला पुढच्या आळीत पोचायच्या आत तिनं कोयता काढलाही. रस्त्याकडच्या दोन्ही बाजू स्वतःच्या हातानं छाटल्या, आणि दिनानाथ मापाची दोरी घेऊन आला तेव्हा कुंपण तीन फुटांच्याही खाली उतरलं होतं. मनुबाईच्या बाजूचं मात्र तिनं तसंच ठेवलं. त्याला नियम लागू नव्हता, आणि ही गोष्ट तिला मनापासून आवडली होती.

गुरुवारी गावातल्या होड्या बोंबलांनी भरभरून आल्या. नीराबाईचा नवरा सदा याच्या होडीला तर ठेवायला जागा उरली नव्हती. कुंपण उतरल्यामुळं कोपऱ्यावर आता वारा छान खेळत होता. नीराबाईनं तिथंच बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या आणि जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगले, खालपासून वरपर्यंत, दाटीवाटीनं.

शुक्रवारी सकाळी सगळा गाव नटूनथटून रस्त्यावर. बायकांनी आबोल्या माळल्या होत्या, ताशेवाले अंगात आल्यागत वाजवत होते. "आली, आली" अशी आरोळी उठली आणि धुरळा उडवत गाडी खरंच आली. नीराबाईचं काळीज नुसतं उड्या मारत होतं.

गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली, पुढं काही सरकेना. डायवरनं मान बाहेर काढून नाही म्हणून हलवली. साहेब उतरले, त्यांनी कुंपणाला टेप लावली.

"कुंपण बरोबर आहे," ते म्हणाले. "पण त्याच्यामागं हे काय आहे?"

दिनानाथनं निरखून पाहिलं. "कुठं काय हाय?"

"हे काय, समोर."

"ते व्हय? ते बोंबील हायत, सायेब."

"त्यांच्यातून पलीकडचं दिसतं का?"

"बोंबलांतून कसं दिसंल?" दिनानाथ बोलून गेला आणि मग त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ताशेही थांबले. मोसमात गावभर बोंबील लटकलेले असायचे. पोरं त्यांच्या आडोशानं खेळायची, वराती त्यांच्याखालून वाकून जायच्या. कुंपण मोजायला अख्खा गाव लोटला होता, पण बोंबील नजरेआड येतात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

साहेब माणूस बरा होता. "डायवरचा चहा होईपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर गाडी मोठ्या सडकेवरच थांबेल."

"काढ न ढीग घाल," सदा म्हणाला.

"वल्या बोंबलांचा ढीग? सांजपातूर घान सुटंल." नीराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणं सगळ्यांचीच भरलेली होती. एक मनुबाईचं तेवढं रिकामं होतं, कारण तिच्या नवऱ्याच्या होडीची फळी फुटून ती किनाऱ्यावर पडली होती. कुंपणाआडून ऐकून ऐकून नीराबाईला तिकडचं सगळं ठाऊक असायचं.

ती त्या उंच कुंपणापाशी गेली.

"मनू."

"काय गो?" पलीकडून लगेच आलं. बया कुंपणाला कान लावूनच उभी असणार.

"तुज्या अंगनात माजं बोंबील टांगू दे."

"कोंबड्या खातील."

"खाऊ देत."

"मंग रस्त्यानं कशाला फिरून येतंस? तोड की हे मधलं."

आणि मनुबाईचा कोयता तिकडून पहिला पडला. इकडून नीराबाईचा. झापा धडाधड खाली येऊ लागल्या, गावानं एकच गलका केला. गड्यांनी बोंबलांसकट दोऱ्या खांद्यावर घेतल्या आणि त्या खिंडारातून पळत सुटले, बायका मागून बांबू घेऊन. साहेबही एका दोरीचं टोक धरून धावले, त्यांचा सदरा पार वासानं भरला. डायवरनं चहाचा शेवटचा घोट घेतला तेव्हा कोपऱ्यावरून थेट देऊळ दिसत होतं. गाडी ऐटीत वळली, मैदानात फिरून परत आली आणि साहेब म्हणाले, "सोमवारपासून रोज. कुणाला आत्ता यायचं असेल तर बसा."

नीराबाईनं सुक्या मासळीची पाटी टपावर चढवायला दिली, खिडकीची जागा पकडली आणि बाहेर बघितलं. मनुबाई अंगणात काठी घेऊन उभी होती, वर कावळे घिरट्या घालत होते.

"मनू, तू बी चल ना बाजाराला."

"न हे कावले कोन हाकलील? आज तू जा." मनुबाईनं काठी उगारून एक कावळा उडवला. "सोमवारी मी जाईन, तुज्या जागंवर बसंन. बोंबील तू राख."

गाडी हलली. दुसरी कुणी तिथं बसेल या धास्तीनं नीराबाई किती दिवस झुरत होती, आणि आता तिनं खिडकीतून हात हलवत सांगितलं, "बस गो, सावली चांगली हाय तिथं." मग तिला एकदम रडू फुटलं आणि कंडक्टर बिचारा तिकीट हातात धरून वाट बघत राहिला.