चौदाशे लिटर पाणी आणि अकरा गोळ्या

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. पण नुसती टाकी म्हणाल तर मला राग येईल. माझी लांबी आठ फूट आणि पोटात चौदाशे लिटर खारं पाणी. २०१२ साली बुकित बातोकच्या एका छोट्या कारखान्यात माझ्या काचा जोडल्या. तिथून सात माणसांनी घाम गाळत मला परदेशातल्या सेंगकांग उपनगरातल्या या घरात आणलं. माझं वजन पेलावं म्हणून माझ्या मालकाने, प्रबोधने, मुद्दाम तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला होता. त्याची बायको अनघा तर म्हणते, घर या टाकीचं आहे, आम्ही आपले पाहुणे.

प्रबोधने प्रवाळाचा बोटभर तुकडा माझ्यातल्या दगडाला चिकटवला होता. तीन वर्षांत तो जेवणाच्या ताटाएवढा झाला. त्याच्याभोवती पिवळे, निळे मासे फिरत. घरी कुणी आलं की आधी माझ्यासमोर उभं राही आणि मग यजमानांशी बोले. मला गर्व झाला होता, खोटं कशाला सांगू?

२०१५ मध्ये वाईहून प्रबोधची आई आली, सुलेखाताई. सकाळी साडेसातला घर रिकामं होई. प्रबोध आणि अनघा ऑफिसात, जाई नावाची नात शाळेत. सुलेखाताई मग समोरच्या बागेत फेऱ्या मारून वेळ काढत. पण सप्टेंबरात जंगलांच्या आगीचा धूर समुद्रापलीकडून आला आणि खिडक्यासुद्धा लावून घ्याव्या लागल्या. बाग बंद झाली. त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसू लागल्या.

वाईला त्या कृष्णेच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालत. इथे घाट नव्हता, पण मासे होते. पोळ्यांच्या कणकेतून रोज अकरा गोळ्या वळून त्या माझ्यात सोडू लागल्या. कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. माशांना खाऊ घालायला परवानगी कसली?

नदीला कणीक पचते, मला पचत नाही. उरलेली कणीक कुजली, पाणी बिघडलं आणि दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ उगवलं. बघता बघता ते प्रवाळावर चढलं आणि प्रवाळ एका बाजूने पांढरं पडू लागलं.

प्रबोध हवालदिल झाला. त्याने दिव्यांचे तास कमी केले, दर रविवारी पाणी बदललं, टूथब्रशने दगड घासले, शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणल्या. पाण्याची तपासणी केली की नळीतला रंग पुन्हा गडद निळा, म्हणजे पाणी अजून बिघडलेलंच. शेवटी त्याने माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. झालं! भुकेले मासे सुलेखाताईंना पाहताच काचेशी गर्दी करू लागले. “उपाशी ठेवतो का रे प्रबोध तुम्हाला?” असं म्हणून त्यांनी अकराच्या बावीस गोळ्या केल्या. मला सगळं दिसत होतं, मित्रांनो, पण टाकीला तोंड नसतं.

एके दिवशी प्रबोध हताश होऊन म्हणाला, “बस्स झालं. रविवारी ऑफिसातला रवींद्र येऊन मासे घेऊन जाईल. टाकी मोडून टाकू.” मी हादरले. सुलेखाताई माझ्याकडे पाहत राहिल्या.

शनिवारी प्रबोध माझ्या गाळणीची पिशवी शेवटची धुवायला बसला. शेजारी जाई होती. ती इथल्या शाळेतल्या धेडगुजरी इंग्रजीत म्हणाली, “पप्पा, हिअर गॉट पेपर लाह! काहीतरी लिहिलंय.”

नखाएवढ्या भिजक्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने एकच शब्द होता: राम. रामनामाची चिठ्ठी गोळीत घालून माशांना द्यायची रीत प्रबोधने लहानपणी घाटावर पाहिली होती. त्याला क्षणात सगळा उलगडा झाला.

“आई!” त्याचा आवाज चढला. “अगं, महिनाभर मी डोकं फोडून घेतोय, आणि तू… निदान सांगायचंस तरी!”

“मला काय ठाऊक, त्यांना बाधेल म्हणून?” सुलेखाताईंचा चेहरा उतरला. “पुण्य लागतं म्हणून सुरू केलं. पण खरं सांगू का? दिवसभरात या घरात माझी वाट बघणारे एवढेच आहेत रे.”

प्रबोधने ओली पिशवी बाजूला ठेवली. त्याला फार लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

रविवारी रवींद्र बादल्या घेऊन आला आणि पोहे खाऊन रिकाम्या हाताने गेला. प्रबोधने आईला चिमूटभर खाणं मोजून द्यायला शिकवलं आणि ते काम फक्त तिचं केलं. काच घासायचा चुंबकही तिलाच दिला. “घासताना रामाचं नाव घेतलं तर चालेल ना?” एवढंच त्यांनी विचारलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रबोधचा फोन येऊ लागला. मासे जेवले का, हे तो विचारी, आणि मग बराच वेळ दुसरंच बोलत राही. दोन महिन्यांत शेवाळ गेलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी टाकी असेल तर तिला प्रेमाने, पण मोजून खाऊ घाला. शेवाळ वाढलं तर दिवे बघा, पाणी बघा. आणि दिवसभर घरात एकटं कोण असतं, तेही बघा. प्रबोधने ते सगळ्यांत शेवटी बघितलं. तोवर माझं अर्धं प्रवाळ गेलं, ते जाऊ द्या. आई अजून इथेच होती, म्हणून बरं.