पाणी सोडायच्या दिवसापर्यंत

नातीला, चंचलला, मोहगावला पाठवायचं, हे मनकर्णाबाईंनी चहात बिस्किट बुडवता बुडवता जाहीर केलं. सौंसरच्या त्या घरात मोठे निर्णय असेच व्हायचे. आधी नत्थूजी आणि मनकर्णाबाई यांच्यात ठरायचे, मग सकाळच्या चहाबरोबर बाहेर यायचे, आणि कप खाली ठेवेपर्यंत सगळ्यांच्या माना हलून झालेल्या असायच्या. नत्थूजींच्या शब्दाला कोणी 'नाही' म्हटल्याचं त्या घरात कोणाला आठवत नव्हतं.

"तिथं तिची आजी आहे, मामा आहे," मनकर्णाबाई सुनेला म्हणाल्या. "बाळंतपण होऊ दे, सव्वा महिना जाऊ दे, मंग आणू. दोन-तीन महिन्यांचा तं सवाल आहे."

"नाही," प्रणाली म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, वीरेंद्रने, कप तोंडाशी नेला होता तो तिथंच थांबला.

"चंचल कुठंच जाणार नाही, आई. ती इथंच राहीन."

नत्थूजींनी सुनेकडे एकदा पाहिलं, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि संत्र्याच्या बगिच्याकडे निघून गेले. मनकर्णाबाईंचं बिस्किट तेवढ्यात चहात पडलं, त्याचाही राग त्यांनी सुनेवरच काढला.

आता खरं सांगायचं तर सासूबाईंचं फार काही चुकत नव्हतं. प्रणालीला आठवा महिना लागला होता. चंचलच्या वेळी ऑपरेशन झालेलं, आणि या खेपेला नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दम देऊन सांगितलं होतं, जड काही उचलायचं नाही. घरातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे ही अडीच वर्षांची बया! कडेवरून उतरायचं नाव नाही. आणि त्याहून मोठी पंचाईत म्हणजे कान. आईच्या उजव्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय चंचलला झोप येत नसे. दुपारी नाही, रात्री नाही. पाळी सुटली की डोळे टक्क उघडे. प्रणाली दवाखान्यात पाच-सहा दिवस राहणार, आल्यावर अंगावर तान्हं असणार. मग या पोरीला कान द्यायचा कोणी?

पण प्रणालीला जे माहीत होतं ते घरात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

ती स्वतः दोन वर्षांची असताना तिच्या पाठचा विनोद झाला, आणि तिला असंच पांढुर्ण्याला मामाकडे ठेवलं होतं. "दोन-तीन महिन्यांचा तं सवाल आहे," तेव्हाही कोणी तरी म्हणालंच असेल. विनोद आजारी पडला, मग आजोबा अंथरुणाला खिळले, मग कापसाचा हंगाम आला, आणि दोन-तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. शेवटी आई न्यायला आली तेव्हा प्रणाली मामीच्या पदराआड लपली आणि म्हणाली, "मामी, हे बाई कोण व?" सगळे पोट धरधरून हसले. अजूनही लग्नाकार्यात तो किस्सा निघतो, लोक हसतात, प्रणालीही हसते. तिला तो कधीच हसण्यासारखा वाटला नाही, एवढं मात्र तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी नत्थूजींचा डबा घेऊन ती स्वतःच बगिच्यात गेली. घरामागेच बगिचा, चार पावलांवर. डिसेंबरचे पहिले दिवस होते आणि झाडांना ताण दिलेला होता. आंबिया बहाराची रीतच ती. महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल पडली तरी मन घट्ट करायचं, आणि मग जानेवारीत एकदम पाणी सोडायचं, म्हणजे झाड फुलांनी भरून येतं. या दिवसांत नत्थूजी मोटरच्या पेटीला कुलूप लावत आणि किल्ली करदोट्याला बांधत. स्वतःच्या पोराचाही भरवसा धरत नसत.

"बाबाजी, झाडायले तरास होत असन ना?" प्रणालीने डबा उघडता उघडता विचारलं.

"होते. पण ताण बसल्याबिगर बहार येत नाही."

"मंग ताण द्याले तुम्ही झाड उपटून दुसऱ्याच्या वावरात नेऊन लावता काय?"

नत्थूजींचा घास हातातच राहिला. "पोट्टी म्हणजे झाड नोहे," ते म्हणाले.

"नोहे. म्हणूनच म्हणून राहिली मी. झाड उपटलं अन् सुकलं तं दिसते तरी. लेकराचं कोणाले दिसत नाही." मग तिने सगळं सांगून टाकलं. मामी, पदर, हे बाई कोण. सासऱ्यापुढे इतकं बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

नत्थूजी हसले नाहीत. सावकाश जेवले, हात धुतले, दुपट्ट्याला पुसले.

"सोळा जानेवारीले मी पाणी सोडीन," ते म्हणाले. "तवर पोट्टी तुह्याबिगर झोपाले लागली पाहिजे. लागली तं राहीन, नाही तं विहीणबाई घेऊन जातीन. अन् आयक, अर्धामुर्धा ताण चालत नाही. मधातच कोणी दोन बादल्या पाणी ओतलं तं सारी मेहनत वाया जाते."

"चालते," प्रणाली म्हणाली.

बोलायला सोपं होतं हो! पहिल्या दुपारी वीरेंद्रने पोरीला शेजारी घेतलं. तिने त्याचा कान धरला, दाबून पाहिला आणि "हा नाही," म्हणून जो सूर लावला, की दहा मिनिटांत हा गडी तिला उचलून प्रणालीकडे हजर. "लय रडून राहिली व, मले नाही पाहावत." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. प्रणालीने कपाळावर हात मारला. एरवी ट्रॅक्टर चिखलातून काढणारा माणूस, पण पोरीच्या दोन आसवांपुढे पार पाणी होत होता.

"तुम्ही रोज दोन बादल्या ओतून राहिले," ती म्हणाली.

मग मनकर्णाबाई पुढे सरसावल्या. "तुमच्याच्यानं काही होत नाही. मी तीन लेकरं वाढवले," असं म्हणून त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं. चंचलने त्यांच्या कानातलं वजनदार फूल असं ओढलं की म्हातारी कळवळली. पण हार मानतील तर त्या मनकर्णाबाई कसल्या! दुसऱ्या दिवशी त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा कानातली फुलं काढून डब्यात ठेवली. उघड्या कानांची आजी पाहून चंचल घाबरली ती वेगळीच.

डिसेंबर सरत आला आणि पोरगी काही बधेना. अशातच प्रणालीच्या एक गोष्ट ध्यानात आली. ती बाजूच्या खोलीत बसते, तिच्या बांगड्या वाजतात, तिचा खोकला ऐकू येतो. आई भिंतीपलीकडे आहे हे पोरीला पक्कं ठाऊक असतं, मग ती दुसऱ्याचा कान कशाला धरेल? वीरेंद्रला नावं ठेवता ठेवता ती स्वतःच रोज पाणी पाजत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली तशी प्रणालीने चंचलचा पापा घेतला. "मी शीतलकाकूकडे जाऊन येते, तू झोपून उठली की मी येईन," असं डोळ्यात पाहून सांगितलं. चोरून जायचं नाही, हे तिने ठरवलेलंच होतं. शीतलचं घर समोरच. तिथं खिडकीपाशी बसून तिने आपल्याच लेकीचा आक्रोश ऐकला. पोटातलं लाथा मारत होतं, आणि प्रणालीचे दोन्ही हात खुर्चीला आवळलेले.

"जा ना व, घेऊन ये तिले," शीतलला राहवेना. "काय कसाई आहे काय तू?"

"आज गेली तं ती मोहगावले जाईन," प्रणाली म्हणाली, आणि जागची हलली नाही.

तिकडे नत्थूजी जेवायला घरी आलेले. आरडाओरडा ऐकून ते आत आले, बायकोवर डाफरले, पोरावर डाफरले आणि चंचलला उचलून ओसरीवरच्या खाटेवर आडवे झाले. त्यांच्या कानाची पाळी लांब, म्हातारपणाने मऊ झालेली, तिच्यात सोन्याची बारकी बाळी. चंचलने हुंदके देत देत ती धरली. बाळी फिरवून पाहिली. पुन्हा फिरवली. आणि डोळे मिटले.

तास झाला, दोन तास झाले. बगिच्यात गडी खोळंबले, एक जण बोलवायला आला. नत्थूजींनी मान न हलवता नुसत्या हाताने त्याला पिटाळलं. माणूस पाठीला रग लागली तरी कुशीवर वळला नाही. चंचल उठली तेव्हा प्रणाली दारात उभी होती, सांगितल्याप्रमाणे.

त्या दिवसापासून आजोबाचा कान हा चंचलच्या मालकीचा झाला. आधी दुपारी, मग रात्रीही. संक्रांत आली तेव्हा पोरगी सलग सहा रात्री आजोबाजवळ झोपलेली होती, आणि प्रणाली बोटांवर दिवस मोजत होती.

सोळा तारखेला नत्थूजी चंचलला घेऊन पाणी सोडायला बगिच्यात गेले, आणि नेमकी तेव्हाच प्रणालीच्या पोटात कळ आली. दोन आठवडे आधी! वीरेंद्र गाडी आणायला पळाला. तेवढ्यात फाटकातून प्रणालीची आई, अलकाबाई, मोहगावच्या बसमधून उतरून आत आली. हातात तिळगुळाचा डबा आणि एक रिकामी पिशवी. मनकर्णाबाईंनी महिन्यापूर्वीच फोन करून तिला या दिवसाचं सांगून ठेवलं होतं, आणि नको म्हणायचं राहून गेलं होतं. की राहू दिलं होतं, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

"बरं झालं वेळेवर आल्या तुम्ही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता दवाखाना पाहू की पोट्टी पाहू?" आणि घाईघाईने चंचलचे फ्रॉक पिशवीत भरू लागल्या.

गाडी दाराशी लागली. प्रणाली गाडीपर्यंत गेली, दाराला धरून उभी राहिली आणि आत बसेना.

"आधी ते पिशवी खाली करा."

"अव, डोकं फिरलं काय तुहं? बस आधी!" सासू ओरडली. वीरेंद्र हात जोडू लागला. तिला पुन्हा कळ आली, ती वाकली, ओठ चावला, पण बसली नाही.

"बाबाजीले बोलवा," ती म्हणाली.

नत्थूजी बगिच्यातून धावतच आले, पाय चिखलाने भरलेले, कडेवर चंचल. त्यांनी पिशवी पाहिली. बायकोच्या हातातून घेतली आणि खाटेवर उलटी केली. फ्रॉक, चड्ड्या, एक बाहुली, सगळं पसरलं.

"पोट्टी माह्यापाशी राहीन. झाडायचं पाणी सोडून आलो मी, आता पुन्हा ताण कोणाले द्याचा नाही." मग ते विहिणीकडे वळले. "लेकराले न्याची गरज नाही, विहीणबाई. तुम्हीच राहा इथं आठ दिवस. घर तुमचंच आहे."

अलकाबाईने उलटी पिशवी पाहिली, गाडीत न बसणारी लेक पाहिली, आणि तिला पांढुर्णा आठवलं. "मले वाटे, तू बी हसते म्हणून," ती हळूच म्हणाली. "तो मामीचा किस्सा निघते तवा."

"नाही व माय. कधीच नाही."

"मी राहीन इथं," अलकाबाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. प्रणालीने लेकीच्या गालावर हात ठेवला. "मी दवाखान्यात जाऊन राहिली. बाळ घेऊन येईन," एवढं तिला सांगितलं, आणि मग ती गाडीत बसली.

मुलगा झाला, हेही सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही विचारालच. बाळाला थोडी कावीळ निघाली म्हणून पाचाचे नऊ दिवस झाले. त्या नऊ दिवसांत प्रणाली टाक्यांनी जितकी कळवळली नसेल तितकी एका विचाराने कळवळली. फोनवर चंचल यायचीच नाही. "खेळून राहिली," "झोपली बाबाजीपाशी," एवढंच कळायचं. अडीच वर्षांचं लेकरू, नऊ दिवस. आपणच तर तिला आपल्याशिवाय राहायला शिकवलं! जास्तच शिकवलं असेल तर?

नवव्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी थांबली. मनकर्णाबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढे आल्या. त्यांच्यामागे ओसरीवर नत्थूजी, आणि त्यांच्या कडेवर चंचल, हातात कान. प्रणालीने बाळ अलकाबाईकडे दिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

चंचल आली नाही. तिने आईकडे पाहिलं, आजोबाच्या मानेत तोंड लपवलं.  अलकाबाईलाही ते दिसलं, आणि दोघींना एकच आठवलं. 

मग चंचलने एकाएकी आजोबाचा कान सोडला. अंग सोडवून घेत खाली उतरली, स्वतःच्या पायांनी चालत आली आणि आईपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चेहरा रागाने लालबुंद.

"आई, तू कुठी गेलती?" ती ओरडली. "मी तं इथंच होती!"

प्रणाली टाक्यांची पर्वा न करता तिथंच पायरीवर बसली. रडताही येईना आणि हसूही थांबेना. "हो व माय," ती म्हणाली, "तू इथंच होती."

चंचल अजून भांडतच होती. भांडता भांडता ती आईच्या शेजारी टेकली, आणि तिचा हात सवयीने वर जाऊन उजव्या कानाशी थांबला.