मिस कॉलवरची मोटर

उषाबाईच्या कुंकवाच्या डबीत कुंकू कमी अन् स्क्रूच जास्त. मिक्सर म्हणा, पंखा म्हणा, घरात काय बी बंद पडलं की बाई आधी पदर खोचायची अन् मंग पेचकस काढायची. सासू जिती होती तव्हा गावभर सांगायची, सून न्हाई, मिस्त्री आणलाय घरात. पण त्या सोमवारी मिस्त्रीचं बी डोकं चालंना.

झालं असं, की विहीर वढ्याच्या पल्याड, घरापासून मैलभर लांब. घरबसल्या फोनवरून मोटर चालू व्हावी म्हणून तिच्या नवऱ्यानं, कचरूनं, दोन साल आधी एका कंपनीचा डबा बसवला होता. आता फोन म्हणू लागला, तुमचा डबा जुना झाला, आमचं ॲप चालायचं न्हाई, नवा डबा घ्या. कचरू दिवस उगवायच्या आत जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलवर जायचा. शेतातली लाईट यायची दहाला. उषाबाईचे गुडघे गेलेले, मंग विहिरीवर जाणार कोण? कचरूनं सांगून टाकलं, ऐतवारपस्तोर जमलं तर बराबर, न्हाईतर मोसंबीची बाग अंगदला बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊ. दोनशे झाडं होती. एकेक रोप बाईनं डोक्यावर पाणी वाहून जगवलेलं.

सांजच्याला ओट्यावर बैठक बसली. अंगद म्हणजे कचरूचा चुलतभाऊ. बटईवर डोळा ठेवून त्यानं कंपनीचीच वकिली मांडली. एवढी मोठी कंपनी, इचार करूनच बंद केलं असंल, जुनं लोढणं तिनं कुठवर वढावं? जळक्या मोटरीत नवी तार भरून देणारा लतीफ त्याच्यावर उखडला. पहिले रेडिओला चार स्क्रू असायचे, खोला अन् बघा. आता फोन डिंकानं चिकटवून राह्यलेत. टीव्हीच्या रिमोटवर बी कंपन्यांच्या दुकानाची बटनं हायेत, आकडे गायब. कोणती कंपनी चांगली, ह्याच्यावर दोघांनी चहा थंड केला.

उषाबाई कप उचलता उचलता म्हणाली, "भावजी, बैल आपल्याला इकायचा अन् कासरा सोताच्या हातात ठेवायचा, ही कोणत्या गावची रीत?"



दुसऱ्या दिवशी लतीफनं विहिरीवरून डबा काढून आणला, अन् बाईनं सुरी तापवून त्याची पाठ काढली. आतलं काय बी कंपनीच्या हुकमाबिगर हालंना. मंग तिनं कोठीतून कचरूचा जुना बटनाचा फोन काढला. फोन आला की तो थरथरायचा. त्या थरथरीची वायर तिनं बाहेर वढली, लतीफनं आणलेल्या रिलेला, म्हंजी आपसूक दबणाऱ्या बटनाला, जोडली, अन् लतीफनं विहिरीवर जाऊन ते सगळं त्याच जुन्या डब्यात बसवून स्टार्टरला जोडून दिलं. मिस कॉल दिला की मोटर चालू. अन् बंद कशी करायची, म्हणून लतीफनं इचारलं.

"ती फिकीर लाईटवाल्यांची, घंट्या-दोन घंट्यानं घालवतेतच की," बाई म्हणाली.

चूक कळली बेस्तरवारी. तो जुना नंबर लेकीच्या, शालूच्या, लग्नपत्रिकेत छापलेला. परतूरच्या मामीचा फोन आला, मोटर चालू. इवायाचा आला, मोटर चालू. बागेत घोट्याएवढं पाणी साचलं, अन् बाग सडली म्हणून अंगद हसत सांगत आला. बाईच्या डोळ्यात पाणी आलं, पण तिनं रडत बसायचं न्हाई ठरवलं. सुकरवारी दिवसभर पत्रिकेची यादी घेऊन एकेकाला फोन लावले, की बाबांनो, त्या नंबरावर फोन कराल तर माही बाग बुडंल.

ऐतवारी कचरू तिला मोटरसायकलीवर बसवून विहिरीवर घेऊन गेला. पंचाईत कराया अंगद अन् लतीफ बी आल्ते. दहाला लाईट आली. बाई फोन काढणार, त्याच्या आतच तिकडं जुना फोन थरथरला. मोटर घुमली, पाईपातून पाणी पडलं.

ह्यो कोण उरला म्हणून कचरू वाकून बघू लागला. कंपनीच्या जुन्या डब्याच्या झाकणावर जो नंबर छापलेला, तोच. डबा घेताना त्यानंच आपला हा जुना नंबर कंपनीला लिहून देल्ता. नवा डबा घ्या म्हणून हे लोक रोज दहाच्या सुमाराला फोन लावून राह्यले होते. कचरूनं तो उचलायला हात घातला.

बाईनं त्याचा हात धरला. "उचलू नका. उचलला तर उद्या करायचे न्हाईत."

लतीफ खाली बसून हसला. अंगदनं चपला घातल्या अन् वढ्याच्या वाटंला लागला. पाणी पाटाच्या दंडानं पहिल्या झाडापस्तोर पोचलं होतं.