बाकीच उंद्या लिवते

"राम राम समद्याला. मी मनकर्णा बोलुन राहिले. शिवकन्यान फोन शिकीवला."

शेषेराव लातूरच्या गंजगोलाईतल्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून उभे होते, तेव्हा खिशातला फोन वाजला आणि हा मजकूर आला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा नाकावर घेतला आणि पुन्हा वाचला. भाजीवालीनं विचारलं, "काय झालं सर? समदं ठीक हाय ना?"

"आमची अक्का लिहायला लागली," शेषेराव म्हणाले. आवाज जरा चिरकला. भाजीवालीला काही कळलं नाही, तरी तिनं मूठभर कोथिंबीर वर टाकली.

मनकर्णाबाई शेषेरावांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा शेषेराव जेमतेम चालत होते आणि अक्का तिसरीत होती. उदगीरजवळच्या त्यांच्या गावात त्या वर्षी अक्काची शाळा सुटली ती सुटलीच. धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिनं चूल सांभाळली, आणि तो शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याचं दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन ती शाळेच्या फाटकापर्यंत जायची आणि तिथून परतायची. पुढे लग्न होऊन ती लांब किनवटकडे, इस्लापूरला गेली. तिसरीपर्यंतच्या अक्षरांतली एसटीची पाटी वाचण्यापुरती तेवढी उरली होती. आता पिकल्या केसांची झाल्यावर, अंगणवाडीत काम करणाऱ्या सुनेनं, शिवकन्येनं, तिला फोनवर एकेक अक्षर दाबायला शिकवलं होतं.

त्यांच्या नातेवाइकांचा फोनवर 'गोतावळा' नावाचा गट होता. तिथे एरवी बारशाची, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी यापलीकडे काही नसायचं. अक्का आली आणि गट जागा झाला. ती रोज दुपारी लिहायची. "आज आंगनात चिमन्या लई आल्या. शेषा लहान व्हता तवा चिमनी जेवल्याबीगर जेवत नव्हता." कधी गावच्या विहिरीचं, कधी हुरड्याचं, कधी आबानं, म्हणजे बापानं, बाजारातून आणलेल्या एकाच चपलेच्या जोडाचं, जो दोघांनी पाळीपाळीनं घातला. उदगीरची चुलत बहीण ते आपल्या सासूला वाचून दाखवायची. पुण्यातला शेषेरावांचा मुलगा सुदर्शन कंपनीतून लिहायचा, "आत्या, पुढे काय झालं?"

शेषेरावही वाचायचे. आधी एकदा भाऊ म्हणून. मग, इलाज नसल्यासारखे, पुन्हा एकदा मास्तर म्हणून.

त्यांनी सारा जन्म लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवली होती. त्यामागे एक जुनी ठेच होती. खेड्यातून कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात निबंध वाचला आणि 'पानी' म्हणाले. अख्खा वर्ग हसला. त्या वर्षी त्यांनी खोलीच्या भिंतीवर खडूनं 'ण' लिहून ठेवला होता. उच्चार घासले, ऱ्हस्वदीर्घ पाठ केले, आणि त्यानंतर कोणाची हसायची छाती झाली नाही. हे नियम साहेबांच्या पोरांनाही तेच आणि सालगड्याच्या पोरांनाही तेच, ते शिकलं की कोणी तुम्हाला खाली बसवू शकत नाही, असं ते वर्गात सांगत. ते खोटंही नव्हतं. त्यांच्या हाताखालची कितीतरी पोरं त्या शिदोरीवर नोकरीला लागली होती.

म्हणूनच 'एकच वेलांटी, एकच उकार' या मागणीवर वाचनालयात चर्चा ठेवली तेव्हा विरोधात बोलायला शेषेरावांना बोलावलं. त्यांनी मन लावून तयारी केली. पण बाजूनं बोलणारा तरुण प्राध्यापक हजरजबाबी निघाला. "फोनवर आज सगळा महाराष्ट्र लिहितोय, पहिल्यांदाच लिहितोय," तो म्हणाला, "आणि आपण त्यांच्या वेलांट्या मोजत बसलोय." टाळ्या त्याला पडल्या. शेषेराव बोलायला उठले तेव्हा मागच्या रांगेतली माणसं चहाकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तसेच धुमसत बसले असताना अक्काचा मजकूर आला. आजवरचा सगळ्यात लांब.

"माय खाटावर व्हती. दिवा न्हाई लावला मनून मला रागवली. शेषा तिच्या पोटापाशी झोपला व्हता. माय त्याला कुसु मनायची. माज कुसु माज कुसु मनून पाटीवर हात फिरवायची. मग मायन मला जवळ बोलिवल आन मनली. आता डोळे दुकाया लागले. बाकीच उंद्या लिवते."

शेषेरावांना आईचा चेहरा आठवत नव्हता. घरात तिचा फोटोही नव्हता. ते पुन्हा वाचणार, इतक्यात खाली सुदर्शनचं उत्तर येऊन पडलं.

"आत्या, कमाल! बाबा, बघा. एक वेलांटी जागेवर नाही, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला हवेत तुमचे नियम?"

खाली कोणीतरी हसरे चेहरे टाकले. आणि शेषेरावांना पुन्हा तो वर्ग दिसला, ती मागची रांग दिसली.

त्यांनी अक्काचा मजकूर उचलला आणि एकेक शब्द फोडून खाली लिहायला घेतलं. 'मनून' नव्हे, 'म्हणून'. 'बोलिवल' नव्हे, 'बोलावलं'. 'पाटी' लिहायची असते, शरीराची ती 'पाठ'. 'कुसु' असा शब्द नाही. 'कूस' असेल तर तो स्त्रीलिंगी आहे, 'माझी कूस' असे हवे, पण मग वाक्याचा अर्थ लागत नाही. यादी लांबत गेली. शेवटी त्यांनी लिहिलं, "सुदर्शन, नियम नसले की काय होते, याचे उदाहरण समोर आहे." पाठवून झाल्यावर त्यांना अक्काची आठवण झाली. मग आणखी एक ओळ टाकली, "अक्का, राग नसावा."

थोड्या वेळानं तिकडून उत्तर आलं. "बर."

त्यावर अनुस्वार नव्हता, हेही त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कापूस वेचणीचे दिवस आहेत, शेषेरावांनी स्वतःला समजावलं. उदगीरच्या बहिणीनं लिहिलं, "अक्का, माय काय म्हणाली ते सांगा ना." त्याला उत्तर नाही. सुदर्शननं बापाला फोन करून तोडून बोलायचं ते बोलून घेतलं. शेषेरावांच्या पत्नी पद्मिनीबाईंनी ताट वाढताना भांडी जरा जोरात आपटली.

शेषेरावांनी अक्काला फोन लावला.

"बरी हाय रे मी," ती हसत म्हणाली. "डोळ्याला पानी येतं जरासं. पद्मिनीला बरं हाय ना? तुझी साखर तपासली का?"

तिच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं फोन ठेवताना त्यांना वाटलं.

दिवाळी गेली, वेळ अमावस्या गेली. संक्रांत उलटल्यावर एका सकाळी शेषेराव उठले आणि पिशवी भरू लागले. लातूरहून नांदेडपर्यंत एसटी, तिथून आदिलाबादकडची गाडी. इस्लापूरला उतरले तेव्हा भाचा, सुदाम, मोटारसायकल घेऊन उभा होता.

अक्का मागच्या गोठ्यात शेळीला पाला टाकायला गेली होती. शिवकन्येनं पाण्याचा तांब्या दिला आणि दारातच घुटमळली.

"मामा, एक सांगू का? राग नका मानू."

"सांग."

"तुमचं ते आलं ना, त्याच्या मागून आई लई दिवस फोन घेऊन बसायच्या. एक शब्द लिव्हायच्या, मला इचारायच्या, 'शिवकन्या, ही वेलांटी पहिली का दुसरी?' मलाबी कुठं समदं येतंय मामा! मी सांगायची एक, मंग मलाच वाटायचं दुसरी असंल. त्या पुसायच्या. परत लिव्हायच्या, परत पुसायच्या." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "मंग एक दिवस फोन फळीवर ठिवला. मनल्या, 'राहू दे बाई. शेषा एवढा मोठा मास्तर हाय. त्याची बहीन अशी लिव्हती मनून लोक त्यालाच हसतीन.'"

शेषेरावांनी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

अक्का आली ती हात पुसत, "आरं, कळवायचं तरी! वाळून गेलास की," म्हणत. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. जेवणात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर केली, आणि 'घे, घे' करत दोनदा वाढलं. जेवण झाल्यावर दोघं ओसरीवर बसली. समोर तुरीच्या शेंगा वाळत होत्या.

शेषेरावांनी विचारलं, "अक्का, कुसू म्हणजे काय गं?"

"आरं, लेकरू."

"लेकरू?"

"कानडी हाय ते. माय बिदरकडची ना. तिच्या माहेरात समदे कानडीच बोलायचे. तुला कसं ठावं न्हाई?" मग तिला आपोआपच कळलं की त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. "आबाला आवडायचं न्हाई. चारचौघात हसं होतं मनायचा. तवा माय घरात मराठीच बोलायची, तुटकं तुटकं. कोणी नसलं की तुला पोटाशी घेऊन तसं बोलायची. माझं कुसू, माझं कुसू करून."

आईनं शेषेरावांना ठेवलेलं नाव बहिणीनं इतकी वर्षं जपून आणून त्यांच्या हातात दिलं होतं, आणि त्यांनी त्याचं लिंग तपासलं होतं.

"आणि मग?" त्यांनी कसंबसं विचारलं. "तुला जवळ बोलावलं, आणि काय म्हणाली?"

अक्कानं डोळे बारीक केले, जसे लांबचं बघताना करतात. ओठ हलल्यासारखे झाले, पण शब्द आला नाही.

"न्हाई येत रे आता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लिव्हाया बसले की येत व्हतं. एकेक अक्षर हुडकाया लागायचं ना, तवर माघारचं समदं म्होरं येऊन बसायचं. खाट यायची, दिवा यायचा, तुझं शेंबडं नाक यायचं. लिव्हायच्या आधी मलाबी ठावं नसायचं काय येनार हाय ते. त्या दिशी डोळे दुखले नसते तर तवाच लिव्हलं असतं." ती थोडं हसली. "आता बोलाया गेलं की लगेच सरतं. मायचं तोंड दिसतं. व्हट हालतेत. ऐकू येत न्हाई."

"अक्का, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? चुका माझ्याच व्हत्या की. तू दावल्या."

"तू लिही. जसं येईल तसं लिही. मी एक अक्षर बोलणार नाही. शपथ."

"आरं, येवढं काय त्यात!" भावाचे डोळे भरलेले बघून ती कावरीबावरी झाली. लहानपणी तो रडला की व्हायची तशीच. तिनं पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला. "टाकीन मी काहीतरी. तुला बरं वाटंल असं टाकीन. आता निजून घे घडीभर, लांबून आलास."

शेषेराव दोन दिवस राहिले. त्या दोन दिवसांत अक्का खूप बोलली. शेळीचं, शेजारणीचं, सुदामच्या पाठदुखीचं. आईचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि तिनंही काढला नाही. निघताना तिनं पिशवीत तुरीची डाळ आणि तिळाचे लाडू भरले. गाडी हलली तेव्हा ती फलाटावर एका हातानं डोळ्यांवर सावली करून उभी होती.

लातूरला आल्यावर शेषेराव रोज दुपारी फोन समोर घेऊन बसू लागले. जेवण झालं की वामकुक्षी नाही, वर्तमानपत्र नाही. एक आठवडा काहीच आलं नाही. मग एका सकाळी, ते दाढी करत असताना, फोन वाजला. 'गोतावळा'वर मनकर्णाबाईंच्या नावासमोर काहीतरी उमटलं होतं. गालावरच्या फेसासकट ते बाहेर आले.

चित्र होतं. मागे उगवता सूर्य, पुढे पाण्यात दोन कमळं, आणि मधोमध सोनेरी छापील अक्षरं: "प्रत्येक सकाळ नवी आशा घेऊन येते. आपला दिवस आनंदात जावो. शुभ सकाळ!"

खाली लोकांनी भराभर हात जोडले, फुलं टाकली. "अक्का आल्या, अक्का आल्या!" सुदर्शननं फक्त एक लाल बदाम टाकला.

पाठोपाठ शिवकन्येचा निरोप आला, एकट्या त्यांच्यासाठी. "मामा आईनी टाकल बगा. मला आदी धा बारा फोटो दाखिवले. मनल्या याच्यात एकबी चूक नसलेल कोनत हाय ते तेवढ सांग."

शेषेरावांनी चित्र बोटांनी मोठं केलं. डावीकडून उजवीकडे सरकवत एकेक अक्षर वाचलं. ऱ्हस्व ऱ्हस्वाच्या जागी होते, दीर्घ दीर्घाच्या जागी. 'शुभ'चा उकार पहिला होता. उद्गारचिन्हसुद्धा जिथे हवं तिथे होतं.

पद्मिनीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "अक्कांचं आलं म्हणे? काय लिहिलंय?"

गालावरचा फेस आता वाळून ताणू लागला होता.

"काही नाही," शेषेराव म्हणाले. "शुभ सकाळ."