चारशे सतराच्या मागची

आईला कामावरून मी काढलं. साहेबांनी फक्त अट सांगितली. ती अट कॉम्प्युटरला कळेल अशी लिहिली मी, आणि बटण दाबलं तेही मीच.

आमचा कारखाना काचेच्या बरण्यांचा. आई तिथे बारा वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. बरणी उजेडात धरायची, नखानं टिचकी मारायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची की हिला तडा आहे. शेजारच्या खुर्चीवर माझी मावशी, आईची धाकटी बहीण. नवऱ्यानं सोडल्यापासून ती आमच्याकडेच राहते. दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या. भरतीच्या रांगेत आई पुढे उभी राहिली, कारण ती थोरली, आणि रांग कुठलीही असो, पुढची जागा आपलीच असं तिला वाटतं. म्हणून आईचा नंबर चारशे सतरा आणि मावशीचा चारशे अठरा.

मी वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरच्या खोलीत. ही नोकरीही आईनंच साहेबांच्या मागे लागून मला मिळवून दिली होती.

एका सकाळी साहेबांनी बोलावलं. "माणसं कमी करायचीत. वर्षात बारापेक्षा जास्त वेळा उशिरा आलेत ते सगळे यादीतून बाहेर. काम कसं करतात वगैरे बघत बसू नकोस."

"सगळे?"

"सगळे. म्हणून तर तुला सांगतोय. माणसाला सांगितलं की तो ओळखीपाळखी बघतो."

मला माणसात धरलं नव्हतं, हे जिना चढताना लक्षात आलं. तासाभरात प्रोग्रॅम लिहून झाला. वीस खोटी नावं घालून तपासला, अगदी बरोबर चालला. मग खरी यादी लावली. सहाशे चाळीस माणसांतून एकसष्ट बाहेर पडली. मी त्यात फक्त एकच नंबर शोधला. चारशे सतरा होता. उशीर चौदा.

चौदा का, तेही मला ठाऊक होतं. मावशीचा पाय आरशापुढून निघत नाही. आई चपला घालून दाराशी उभी, "चल गं, चल गं" करत, आणि दोघींच्या डोळ्यांदेखत बस निघून जायची. आईला एकटीला पुढे जाता आलं असतं. ती कधी गेली नाही.

'चारशे सतरा सोडून' एवढी एक ओळ वाढवली असती तर आई राहिली असती. मी फार प्रामाणिक आहे म्हणून ती लिहिली नाही, असं समजू नका. साहेबांच्या नजरेस पडली तर माझीच उचलबांगडी होईल, ही भीती होती. यादी पाठवली आणि चहा प्यायला गेले.

संध्याकाळी आई हातात नोटिशीचं पाकीट घेऊन घरी आली. मावशीच्या हातात काहीच नव्हतं.

रोज एकाच बसनं जाणाऱ्या दोघी. एकीचे उशीर चौदा तर दुसरीचे कमी कसे असतील? दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या मावशीची नोंद काढली. चौदाच होते. तरी ती राहणाऱ्यांच्या यादीत ठाण मांडून बसलेली.

दुपारपर्यंत चूक सापडली आणि मला माझीच शरम वाटली. हे काम शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात सांगतात की तपासणी चालू असताना त्याच यादीतून माणसं काढायची नाहीत. समजा रांगेवरून बोट फिरवत चाललोय. चौथा अटीत सापडला, त्याला उठवलं की पाचवा सरकून चौथ्याच्या जागी येतो, आणि आपलं बोट तोवर पाचव्या जागेवर गेलेलं असतं. सरकून आलेल्याला कुणी विचारतच नाही. माझ्या वीस खोट्या नावांत दोन दोषी शेजारी शेजारी नव्हते, म्हणून तिथे काही कळलं नाही. आई उठली म्हणून मावशी वाचली.

मी गप्प बसले. चूक सुधारून आई परत येणार नव्हती, फक्त मावशी गेली असती.

पण मावशीला गप्प बसवेना. "शेवटी काम बघतात गं, ताई," असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. मग रिकामा डबा आईपुढे सरकवू लागली, "तू घरीच आहेस ना, घासून टाक." मग आईच्या खुर्चीवर पॅकिंगमधून आणून बसवलेल्या बाईला ती तपासणी शिकवते हे रोज जेवताना ऐकवू लागली. जिच्या स्वतःच्या हातून महिन्याला पाच बरण्या फुटायच्या, ती मावशी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई मात्र अर्धं ताट तसंच ठेवून उठायची.

तिसऱ्या आठवड्यात, मावशी कामावर असताना, आईनं मला विचारलं, "खरं सांग पोरी. मी तिच्याहून वाईट काम करते का?"

मला ते ऐकवलं नाही. सगळं सांगून टाकलं, बोट फिरवून दाखवलं. वाटलं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल.

"म्हणजे तिचेही चौदाच?"

"चौदाच."

आई बराच वेळ मटार सोलत राहिली. "भरतीच्या दिवशी मी तिला पुढे उभं केलं असतं, तर?"

"तर तू राहिली असतीस आणि ती गेली असती."

"आणि आता तू हे नीट केलंस तर?"

"तर ती जाईल. तू परत यायची नाहीस आई, तुझे बारापेक्षा जास्त आहेतच."

"बरं," आई म्हणाली. मला ते 'असू दे' वाटलं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर आईच्या अक्षरातला अर्ज होता, वळणदार, एकही खाडाखोड नाही. क्रमांक चारशे अठरा यांच्या उशिरांची तपासणी व्हावी, ही नम्र विनंती.

"खरं आहे का हे?"

"हो. माझी चूक आहे."

"असे आणखी किती सुटलेत?"

मी तिथेच बसून प्रोग्रॅम नीट लिहिला. जुन्या यादीला हात लावायचा नाही, अटीत बसतील त्यांची वेगळी यादी करायची. एकसष्टचे चौऱ्याऐंशी झाले. आमचे नंबर भरतीच्या क्रमानं पडतात. एका गल्लीतली, एका बसनं येणारी माणसं लागून लागून असतात. तेवीस जण असे शेजाऱ्याच्या आड राहिले होते.

"बरं झालं," साहेब म्हणाले. "मला ऐंशीच्या आसपासच हवे होते." मला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. माझे उशीर दोन होते.

त्या संध्याकाळी मावशी घरी आली आणि दारातच बसली. पाकीट तिनं चुरगळून टाकलं होतं. आई लगबगीनं उठली, तिला पाणी दिलं, पदरानं तिचं तोंड पुसलं.

"ताई, माझं काय चुकलं गं?"

"काही नाही चुकलं, छोटे. चल, दोन घास खाऊन घे."

मावशीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडली. "तू आहेस म्हणून बरं आहे," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. आई तिच्या केसांतून हात फिरवत होती. त्या हातात खरी माया होती, मी शपथेवर सांगेन, आणि तेच मला सोसवेना. मग आईनं दोघींची ताटं वाढली आणि स्वतः दोनदा वाढून घेतलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

मावशी आतल्या खोलीत आडवी झाल्यावर मी मोरीपाशी जाऊन आईला हळूच म्हणाले, "तुझ्या अर्जानं तेवीस जण गेले, आई. त्यातल्या एकीला आठवा महिना आहे."

आईनं ताट विसळून माझ्या हातात दिलं.

"मी एकीचंच लिहिलं होतं," ती म्हणाली. "बाकीचे बावीस तू काढलेस. पूस ते नीट."